बारा वाजेपर्यंत

फोन मुका झाला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि मला हसू आलं.

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही फोन बघता, आम्ही तो ऐकतो. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोनमधला आवाज बोलून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. आवाज गेला तर हातात नुसता काचेचा तुकडा उरतो. हे सगळं ठाऊक असून मी हसलो, आणि चांगला मोठ्याने हसलो.

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला. "काय झालं वो?" राजश्रीने विचारलं.

"मुका झाला," मी म्हणालो. "बाईसाहेबांनी सांगितलेलं अपडेट घेतलं आन् मुका झाला."

"मग हसून काय राहिलात?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

मी मार्तंड. लातुरात एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. डोळे सातव्या वर्षी तापात गेले, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. राजश्रीला जन्मापासून दिसत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी फोनवर एक ग्रुप काढला, त्याचं नाव 'आधी विचारा'. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतले आम्ही एकशे ऐंशी अंध लोक त्यात आहोत. विचारायचं काय, तर फोनचं नवीन अपडेट आलंय, ते घ्यावं की थांबावं. डोळस माणसाला यात विचारण्यासारखं काय आहे ते कळत नाही. त्याच्या फोनवरचं एखादं बटण वरचं खाली गेलं तर त्याला ते एका नजरेत सापडतं. आम्हाला ते सापडायला आठवडा जातो. कधी फोन उचलायची खूणच बदलते, कधी मराठी अक्षरं तोतरी होतात. एकदा घेतलेलं अपडेट परत करता येत नाही. म्हणून कुणीतरी आधी विहिरीत उतरून पाणी किती आहे ते सांगावं लागतं. नऊ वर्षं मी उतरत होतो.

त्यासाठी मी एक वेगळा जुना फोन ठेवला होता. तोही ठरवून घेतलेला. चार वर्षांपूर्वी एका ट्रस्टने आमच्यातल्या सत्तर जणांना एकाच जातीचे फोन वाटले होते, तसाच मीही एक वापरलेला मिळवला. त्याच्यावर बसलेलं अपडेट त्या सत्तर जणांच्या फोनवर बसणार, हे नक्की. अपडेट आलं की मी आंघोळ उरकून, चहा घेऊन बसायचो. फोन लावून बघायचा, आलेला उचलायचा, निरोप वाचायचे, पैसे पाठवून बघायचे. सुरुवातीला लोक दिवसभर फोन करायचे, सर घेऊ का, सर घेऊ का. शंभर जणांना "घ्या, घ्या" म्हणून घसा बसला, तेव्हा मी नियम केला. गडबड असेल तरच मी ग्रुपवर बोलेन. दुपारी बारा वाजेपर्यंत मी गप्प राहिलो, तर बिनधास्त घ्या.

तो नियम सहा-सात वर्षं चालला. दोन जिल्ह्यांत माणसं बारा वाजायची वाट बघत बसायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग मंजुश्री आली. अर्धापूरची मुलगी, वय अठ्ठावीस-एकोणतीस, नांदेडला एका बँकेत नोकरीला. तिचा फोन नवाकोरा, म्हणून अपडेट तिला आधी मिळायचं. माझा चहा व्हायच्या आत तिचा निरोप ग्रुपवर हजर. आवाज स्वच्छ, बोलणं मुद्द्याचं, कुठे अडखळणं नाही. "नमस्कार, आजच्या अपडेटमध्ये तीन गोष्टी बदलल्या आहेत," म्हणायची आणि मोजून तीन सांगायची. मी सांगायला लागलो की मध्ये माझी खोकल्याची उबळ यायची, कार्यालयातल्या गमती यायच्या, एकदा तर कुकरची शिट्टी आली होती. लोक आधी "सरांनी सांगितलं" म्हणायचे, ते आता "मॅडमनं सांगितलं" म्हणायला लागले. एका रविवारी मी मोजलं. तिला धन्यवाद म्हणणारे चौसष्ट निघाले, मला नऊ. त्या नवांतला एक माझा मेहुणा होता.

तिचा निरोप मी तीन-तीनदा ऐकायचो, तो चूक शोधायला. सापडायची नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं. घरातही सुटका नव्हती. राजश्री भाकऱ्या करताना तिचं बोलणं लावायची आणि म्हणायची, "किती सुटसुटीत सांगती बगा." पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीला ती सुटसुटीत म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी उठून बाहेरच्या खोलीत जायचो. त्या मुलीने माझं काही घेतलं नव्हतं, मला ती वेळोवेळी "सर, आपण काही सांगाल का?" असं विचारायचीसुद्धा. त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. मोठं अपडेट आलं होतं, वर्षातून एकदा येतं तसलं. आठ वाजता मॅडम बोलल्या. "मी कालपासून वापरते आहे. छान आहे, सगळ्यांनी घ्यायला हरकत नाही." मी माझ्या जुन्या फोनवर घेतलं. दीड तास ते बसत होतं. मग फोन आपोआप बंद होऊन सुरू झाला आणि बोलेचना.

घोळ कुठे आहे ते मला दहा मिनिटांत कळलं. आमच्या फोनला लॉक असतं, चार आकड्यांचं. फोन नव्याने सुरू झाला की ते आकडे घातल्याशिवाय तो पुरता जागा होत नाही. त्याच्या पोटातला इंग्रजी आवाज तेवढ्यातही बोलतो. पण आम्ही वरून घातलेला मराठी आवाज या अपडेटनंतर लॉक उघडेपर्यंत झोपूनच राहत होता. आणि आवाज नसताना आकडे घालायचे कसे? मॅडम फोन इंग्रजीत ऐकतात. त्यांना हे कळायचं कारणच नव्हतं. आमच्या सत्तरांतले साठ तरी मराठीत ऐकतात. उपाय सोपा होता, अपडेट घेण्याआधी लॉक काढून टाकायचं. मला हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "तू घेऊ नको बरं का हे अपडेट," मी राजश्रीला म्हणालो.

"का?"

"लॉकमध्ये अडकतं. मराठी आवाज येत न्हाई."

"ग्रुपवर सांगितलं का?"

"सांगतो."

"सांगा की मग. लोकं घेऊन बसतील."

"सांगतो म्हटलं ना."

मी बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसलो. हातात माझा रोजचा फोन होता, ग्रुप उघडा होता. "धन्यवाद मॅडम," "मस्त मॅडम," एकामागून एक येत होते. मी ऐकत बसलो. मनात म्हटलं, घेऊ देत. चार-सहा जणांचे फोन मुके होऊ देत, संध्याकाळी घरातलं कुणीतरी आकडे घालून देईल, नुकसान काही नाही. एकदा कळू दे सगळ्यांना, नवा फोन आणि गोड आवाज म्हणजे अनुभव नव्हे. मग मी बोलेन. कसं बोलायचं तेही मी मनात जुळवत होतो. रागाने बोलायचं नाही, समजुतीने बोलायचं, म्हणजे जास्त लागतं.

पावणेबारा वाजता फोन वाजला. आवाजाने नाव सांगितलं, रामलिंग, औसा.

रामलिंग माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. औशाजवळच्या एका खेड्यात राहतो. विहिरीच्या कामावर सुरुंगात डोळे गेले तेव्हा तो तिशीचा होता. बायको वारली. दोन म्हशी आणि एक मुलगी, पुनम, एवढंच घर. फोन त्याला मीच शिकवला, चार रविवार घरी बोलावून. लॉक घालायलाही मीच लावलं होतं, कारण तो फोनवरून डेअरीचे पैसे घेतो. त्याचा फोन उचलला असता तर त्याने विचारलं असतं, आणि मला खरं सांगावं लागलं असतं. एकाला सांगितलं की पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं असतं. मी वाजू दिला. तो थांबला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

बारा वाजले. शेजारच्या शाळेची घंटा झाली, ती मी ऐकली. नियमही आठवला. पण मला वाटलं, आता कोण पाळतंय माझा नियम.

संध्याकाळी सहा वाजता मी ग्रुपवर बोललो. तोवर अकरा जणांचे फोन मुके झाले होते, आणि कुणी बायकोच्या, कुणी पोराच्या फोनवरून ओरडत होतं. मी शांत सुरात कारण सांगितलं, उपाय सांगितला. "घाईने सल्ला देऊ नये, आपल्या लोकांचे फोन कोणते आहेत ते आधी बघावं," असंही म्हणालो. मग जे काही आलं ते ऐकायला मी दीड वर्ष थांबलो होतो. "सर ते सर." "सरांशिवाय पर्याय न्हाई." एकाने मंजुश्रीला पार उभं-आडवं घेतलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली. मी मराठी आवाजावर तपासलं नव्हतं. सर्वांची माफी मागते." ते मी दोनदा ऐकलं.

जेवताना मी राजश्रीला म्हटलं, "ऐकलं का ग्रुपवर?"

"ऐकलं," ती म्हणाली. "साडेदहाला मला सांगितलं तुमी. त्यांना सहाला." आणि ताट उचलून गेली.

रविवारी सकाळी रामलिंगचा फोन आला. आता मी लगेच उचलला.

"सर, तब्येत बरी न्हवती का तुमची?" त्याने आधी हेच विचारलं. "काल फोन लावल्ता, उचलला न्हाई तुमी."

"हां, जरा कणकण होती," मी म्हणालो. तोंडातून गेलंच. "बोला अप्पा."

"काय बोलावं. पुनमचं राहिलं बगा."

पुनमला नर्सिंगला जायचं होतं. पहिल्या फेरीत तिचा नंबर लातूरच्याच कॉलेजला लागला होता. औशाहून रोज बसने जाऊन-येऊन करता आलं असतं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ती जागा इंटरनेटवर पक्की करायची होती. मुलगी सकाळीच लातूरला नेट सेंटरवर येऊन बसली होती. पण अर्जावर नंबर बापाचा. जागा पक्की करायची म्हटली की सहा आकड्यांचा निरोप बापाच्या फोनवर जाणार, त्याने तो ऐकायचा आणि मुलीला सांगायचा. सकाळपासून दोनदा तसं झालंही होतं, पण मध्येच ती साइट बंद पडायची. ती परत सुरू झाली तीन वाजता.

"तिचा फोन आला, तो उचलला मी," रामलिंग सांगत होता. "दोन बोटांनी टिचकी मारून, तुमी शिकिवलं तसं. ती म्हणली, अण्णा, आकडे आलेत बग, सांग. मी म्हणलं, बाई, हा तर काईच बोलून नाही राहिला. निरोप आल्याचं टुंग वाजतंय, पर वाचू कसं? लॉकचे आकडे अंदाजानं दाबले. चार-पाच येळा चुकलं, मग फोन हलायचाबी बंद झाला. गल्लीत कोणी न्हाई, सगळे रानात. हाका मारल्या. काठी घेऊन रस्त्यावर येऊन हुबा ऱ्हायलो. तीनदा आकडे आले सर, तीनदा टुंग वाजलं. पोरगी तिकडं रडून राहिली. शेजारचा सत्यम रानातून आला आन् त्यानं लॉक उघडलं, तवा पाच वाजून गेलते."

मी म्हणालो, "अप्पा, अशा दिवशी अपडेट घ्यायचं कशाला? ती मंजुश्री म्हणाली म्हणून लगेच घ्यायचं?"

"तिचं कोण ऐकतंय," रामलिंग म्हणाला. "ती आठलाच घ्या म्हणली. मी म्हणलं, सर बोलू देत. त्यो फोन सकाळपासून घडीघडी म्हणत होता, अपडेट घ्या, अपडेट घ्या. मला वाटलं, न घेता मधीच आटकला तर? म्हणून तुमाला इचारायला फोन केला. तुमी उचलला न्हाई. मग बारा वाजंपर्यंत थांबलो. बारा वाजले, तुमी काय बोलला न्हाई. म्हणलं, ठीक हाय म्हणजे. घेतलं."

हे बोलताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. बसची वेळ सांगावी तसं त्याने सांगितलं. दीड वर्ष मी ज्याच्यासाठी जळत होतो ते माझ्याकडे होतंच. एक माणूस हातात फोन धरून, बारा वाजेपर्यंत माझ्याच बोलण्यासाठी थांबला होता.

"ताप अंगावर काढू नका," रामलिंग म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या फेरीत पुनमला चंद्रपूर मिळालं. तीन आठवड्यांनी बापलेक सामान घेऊन लातूरला आले. नांदेडवरून पुढे जायचं होतं, गाडीला तास-दीड तास होता, म्हणून घरी आले. रामलिंगने येताना स्टीलच्या डब्यात तूप आणलं होतं. "घरच्या म्हशीचं हाय," तो राजश्रीला म्हणाला. "सरांना रोज घाला. ताप उतरला तरी अंगात कस ऱ्हात न्हाई."

राजश्रीने डबा घेतला. ती आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. तिची बांगडी वाजेल म्हणून मी वाट बघत होतो, पण ती हललीच नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "मला ताप नव्हता."

"काय?"

"त्या दिवशी. मला ताप नव्हता. अपडेटात घोळ आहे हे मला साडेदहालाच कळलं होतं. मी मुद्दाम बोललो नाही. त्या मुलीची फजिती व्हावी असं मला वाटत होतं."

पुनमचा चहाचा कप बशीत टेकला. रस्त्यावरून एक ऑटो गेली.

"साडेदहाला?" रामलिंगने विचारलं.

"हाव."

"मी पावणेबाराला फोन केल्ता."

"माहीत आहे. तुमचं नाव ऐकूनच उचलला नाही."

"अण्णा," पुनम म्हणाली, "गाडीची येळ झाली." तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. बारीक होता, आणि तिने तो सरळ ठेवला होता.

रामलिंग उठला. राजश्रीने डबा पुढे केला असावा, कारण तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वैनी, तुमच्यासाठी आणलंय." मी चपला शोधत म्हणालो, स्टँडपर्यंत येतो. "नको," तो म्हणाला. "पुनम हाय." दोघं जिना उतरून गेली. मुलगी पुढे, बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे, हे मला पावलांवरून कळत होतं.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं सांगितलं. वेळ सांगितली, कारण सांगितलं, मंजुश्रीची चूक नव्हती हे सांगितलं. मधे खोकला आला, तो तसाच जाऊ दिला. एकशे ऐंशी लोकांच्या ग्रुपवर रात्रभर कुणी काही बोललं नाही. सकाळी पाच जण निघून गेले होते, त्यात मेहुणाही होता. मंजुश्रीचा फोन दहा वाजता आला.

"सर, तुम्ही मला एक फोन केला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मीच ग्रुपवर सांगितलं असतं, माझं चुकलं, थांबा म्हणून. अकरा वाजायच्या आत."

तिने खरंच सांगितलं असतं. आणि तेही किती नीट सांगितलं असतं, हे मनात आल्यावर त्या अवस्थेतसुद्धा मला तिचा हेवा वाटला. माझं हे असं आहे.

आता अपडेट आलं की ती इंग्रजीत तपासते, मी मराठीत, आणि आम्ही आधी एकमेकांना फोन करतो. ग्रुपवर तीच बोलते. बारा वाजायचा नियम मी काढून टाकला. गप्प राहण्याचा अर्थ काहीही नाही, असं सगळ्यांना कळवलं.

दसऱ्याच्या आधी एक अपडेट आलं. आम्ही दोघांनी दोन दिवस तपासलं, काही घोळ नव्हता. ग्रुपवर जायच्या आधी मी रामलिंगला फोन लावला. त्याने दुसऱ्याच घंटेला उचलला. म्हशींना पाणी पाजत होता.

"अप्पा, नवीन आलंय. मी बघितलं, मंजुश्रीनेही बघितलं. लॉकमध्ये आवाज येतो. घ्या तुम्ही."

"बरं झालं सांगितलं," तो म्हणाला. बादलीत पाणी पडत होतं. "पर मी आता घेत न्हाई सर. पुनम दिवाळीला येणार हाय. ती घरात असताना घेतो."

"अपडेट ठीक आहे, अप्पा. मी स्वतः तपासलंय."

"हाव, तुमी तपासलं असंल," रामलिंग म्हणाला. "ती आली की घेतो."

"बरं," मी म्हणालो. फोन ठेवायची घाई त्याने केली नाही. मीच ठेवला.